अक्कांची सहाशे बारा वाक्यं

१२ जून २०२५, गुरुवार. धरणगाव

ललितला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रेल्वेच्या ऑफिसात मिळालेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडून होती. आज मी ती ताब्यात घेतली. आज जे झालं ते कुणाला तोंडाने सांगायला गेले तर मी रडेन, आणि गिऱ्हाइकासमोर रडणाऱ्या बाईच्या हातात कोण आपला मोबाईल दुरुस्तीला देईल?

अक्कांचा फोन हौदात पडला.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, कमलबाई. दोन वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरमध्ये त्यांची स्वरपेटी काढावी लागली. ऑपरेशनच्या आठ दिवस आधी माझे थोरले दीर योगराजदादा धुळ्याहून आले. दार लावून बसले आणि अक्कांकडून सहाशे बारा वाक्यं बोलून घेतली. सगळी अहिराणीत, सगळी त्यांच्या नेहमीच्या ठसक्यात. मग दादांनी स्वतः प्रोग्राम लिहिला. फोनवर चित्राचं बटण, ते दाबलं की अक्का बोलतात. 'कोन वनं?' म्हणजे कोण आलं. 'गॅस बंद करी दे.' 'भाजी मां मीठ कोठे शे?' अगदी तोच आवाज, तेच रागावणं. बघायला दवाखान्यातल्या नर्सा गोळा झाल्या होत्या.

तो फोन त्या कमरेच्या पिशवीत ठेवतात. आज बादली भरायला हौदात वाकल्या आणि गेला. मी दुकानाचं शटर अर्धवट टाकून धावत आले. उघडला, वाळवला, बोर्ड धुतला, पाच तास मान वर केली नाही. विहिरीत पडलेले फोन जिवंत केलेत मी. हा काही झाला नाही. मेमरी तेवढी वाचली, ती उतरवून घेतली.

अक्का ओट्याजवळ बसून आहेत. मला बघून तोंड उघडतात, मग त्यांना आठवतं, मग मिटतात. मी ओरडले त्यांच्यावर, 'फोन बाजूला ठेवता येत नव्हता का!' उलट उत्तर आलं नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदा मी भांडणात जिंकले. असलं जिंकणं जाळून टाका.

१४ जून, शनिवार

जो येतो तो म्हणतो, 'अगं मग दुसऱ्या फोनमध्ये टाक ना!' जसं काही एका डब्यातलं लोणचं दुसऱ्या डब्यात काढायचंय.

दादांचा पहिला प्रोग्राम साध्या फोनवरच होता, चारचौघांच्या असतो तसल्या. वर्षभरात फोनने स्वतःहून काहीतरी नवीन उतरवून घेतलं आणि सकाळी पाटी आली, 'हे ॲप या आवृत्तीशी जुळत नाही.' अक्का तीन दिवस मुक्या. तेव्हा दादा भडकले, 'आईचा आवाज कंपनीच्या मर्जीवर ठेवायचा नाही,' म्हणाले आणि फोनवर लिनक्स बसवलं. लिनक्स म्हणजे फोन चालवणारी मोकळी व्यवस्था. कुणीही आतून उघडून बघावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. बंद करायला वर कुणी मालकच नाही. मलाही तेव्हापासून नाद लागला. आयटीआयला मी सोल्डरिंग शिकले, लिनक्स मात्र दुपारच्या रिकाम्या वेळात दुकानात बसून शिकले.

तो जुन्या मॉडेलचा फोन आता कुठे मिळत नाही. जळगावात फोन लावले, भुसावळला लावले. माझ्याकडे दुसरा एक चांगला फोन आहे, त्यावरही लिनक्स छान चालतं. दादांचा प्रोग्राम त्यात टाकला, सुरू केला. उत्तर आलं: फाईल सापडली नाही.

फाईल माझ्या डोळ्यांसमोर आहे! नाव दिसतंय, आकार दिसतोय. आणि हा म्हणतो सापडली नाही. टेबलावर हात आपटला, स्क्रूचा डबा सांडला, अर्धा तास स्क्रू वेचत बसले.

१७ जून, मंगळवार

सापडलं कारण! लिनक्स एकच असलं तरी त्याचे डिस्ट्रो अनेक, म्हणजे बांधणाऱ्यांची घरं वेगवेगळी, आणि प्रत्येक घराची मांडणी वेगळी. दादांचा प्रोग्राम त्यांच्या घरात शिजलेला. आत पाऊल टाकलं की तो आधी ओळखीची मूळ लायब्ररी, म्हणजे घरातलं तयार सामान, शोधतो. माझ्या फोनच्या घरात ती लायब्ररी वेगळ्याच जातीची आहे. न सापडणारी फाईल ती. नवी सून आली, मिठाचा डबा सापडेना, म्हणून उंबऱ्यावरूनच माहेरी परत, असला प्रकार.

उपाय सोपा. दादांनी लिहिलेला मूळ कोड द्यावा, मी माझ्या फोनच्या घरात तो नव्याने बांधते. एका दिवसाचं काम. तेवढ्या उत्साहात धुळ्याला फोन लावला.

दादा म्हणाले, 'कोड नाही देणार, पुनम.'

मला वाटलं चेष्टा करतायत. दादा पॉलिटेक्निकला शिकवतात, मुलांना आयुष्यभर 'मोकळं सॉफ्टवेअर, मोकळं सॉफ्टवेअर' म्हणून सांगतात.

'दिवाळीच्या सुट्टीत मीच करून देईन. तोवर तसलाच फोन शोध.'

'दादा, कानबाई तीन ऑगस्टला आहे.'

दादांनी 'परीक्षेचं काम आहे' म्हणून फोन ठेवला.

कानबाईचं त्यांना सांगायला हवं का? श्रावणातल्या रविवारी आमच्या घरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते, सगळी गल्ली गाण्याला येते. गाण्याला सुरुवात अक्का करतात. सोमवारी सकाळी कानबाईला नदीवर न्यायची, तर घरातून डोक्यावर घेऊन उंबरा ओलांडायचा मानही अक्कांचा, तीस वर्षांपासून. त्या सहाशे बारांमध्ये अकरा गाण्यांच्या पहिल्या ओळी आहेत. मागच्या वर्षी अक्कांनी बटण दाबलं, ओळ निघाली आणि बायकांनी पुढचं गाणं काय उचललं म्हणता! यंदा अक्का गप्प बसून राहणार? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही. तीन ऑगस्टला अक्का बोलल्या पाहिजेत, बस.

२१ जून, शनिवार

दादा नाही देत तर नको देऊ देत. मी त्यांचं अख्खं लिनक्सच माझ्या लिनक्सच्या पोटात बसवलं. पेटीत पेटी. आतल्या पेटीत प्रोग्रामला आपलं घर दिसतं, तो खूश.

आणि अक्का बोलल्या! नऊ दिवसांनी 'कोन वनं?' ऐकून मी दुकानात एकटीच नाचले.

पण फोन जुना, त्याच्यावर दोन घरांचा भार. तव्यासारखा तापतो, आणि बटण दाबल्यावर आवाज यायला पाच-सहा सेकंद. संध्याकाळी ललित भुसावळहून पॅसेंजरने आला. 'जेवलीस का, आई?' विचारलं. अक्कांनी बटण दाबलं. काही नाही. तो मोरीत गेला, तिथून ओरडला, 'उद्या डॉक्टरांकडे जायचं ना?' तेव्हा फोन म्हणाला, 'कधीनंच जेवी लिधं.' केव्हाच जेवले! मग त्याने विचारलं, 'अंगात ताप नाही ना?' फोन म्हणाला, 'हाव, जासू ना.' ललित हसून हसून मोरीत घसरता घसरता राहिला. मीही हसले.

अक्का हसल्या नाहीत. फोन पालथा ठेवला आणि वहीत लिहिलं, चौथी पास बाईचं सावकाश अक्षर: 'आवाज येस तोपर्यंत ऐकनारा निंघी जास.'

आवाज येईपर्यंत ऐकणारा निघून जातो. माझं हसू तोंडातच राहिलं. पेटीत पेटी बंद.

२६ जून, गुरुवार

आज दुकानात शुकशुकाट. उतरवलेल्या मेमरीत आवाजाची फाईल कुलूपबंद आहे, किल्ली दादांच्या प्रोग्रामच्या आत. बटणांच्या नावांची यादी मात्र उघडी निघाली, सहाशे बारा वाक्यं ओळीने. वाचत बसले.

माझं नाव एकेचाळीस वेळा! ललितचं नऊ. दादांचं एकदा. मी शेजारी रकाना केला आणि प्रत्येक वाक्य कशात मोडतं ते लिहिलं. 'पुनम, जेवी ले, कितला टाईम व्हई गया': रागावणं. 'पुनम, दुकान बंद कर आते': रागावणं. 'पुनम, तुनी साडी चांगली शे, कोठेन लिधी?': चौकशी. 'पुनम, आते तू ली ले. मना हात थकी गयात': काम. आता तू घे, माझे हात थकले, म्हणजे पाण्याची कळशी असणार, नाहीतर दळणाचा डबा.

म्हणजे बघा. उद्या आवाज जाणार हे माहीत असताना माणूस देवाचं नाव घेईल, लेकरांची नावं घेईल. आमच्या अक्कांनी सुनेला आयुष्यभर हाका मारायची सोय करून ठेवली. एकेचाळीस!

२ जुलै, बुधवार

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून सुनंदाबाई आल्या होत्या. ललितच्या ऑफिसात कुणीतरी अक्कांच्या फोनचं सांगितलं, तर बाई पत्ता विचारत विचारत थेट दुकानात. त्यांचे यजमान रुपचंदनाना, निवृत्त इंजिन ड्रायव्हर. एकवीस जुलैला त्यांची स्वरपेटी काढणार आहेत.

'मला तुमचं ते बोलणारं यंत्र पाहिजे,' म्हणाल्या. 'ह्या माणसाने चाळीस वर्षं माझं डोकं खाल्लं. आता एकदम गप्प झाला तर मी काय करू हो?'

आणि रडायला लागल्या, माझ्या काउंटरवर डोकं ठेवून. मी चहा मागवला. नानांचा फोन आणला होता, बघितला. त्यावर तिसऱ्याच डिस्ट्रोचं लिनक्स बसतं. तीन फोन, तीन घरं, आणि कोड धुळ्याच्या कुलपात.

पुन्हा फोन केला. या वेळी विनवणी केली, खरंच केली. दादा एकदम तडकले, 'आईचा आवाज आता भुसावळला वाटायचा का? उद्या कुणीही तिच्या आवाजात काहीही बोलेल!'

मीही तडकले. 'तुम्ही तर रोटासारखं दाबून ठेवलंय!'

आमच्याकडे कानबाईला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. त्याचे रोट होतात आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडा नाही, कितीही जवळचा असला तरी. दादा म्हणाले, 'हो, रोटच आहे तो,' आणि फोन कट.

सुनंदाबाईंना मी छातीठोकपणे सांगून पाठवलंय, 'होईल तुमचं काम.' कशाच्या जोरावर सांगितलं, देव जाणे.

१३ जुलै, रविवार. धुळे

अक्कांना घेऊन सकाळच्या एसटीने पारोळ्यावरून धुळ्याला आले. 'दादांकडे जाऊ,' एवढंच सांगितलं होतं, पण त्यांनी न विचारता वही पिशवीत टाकली.

मोहिनीताईंनी, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी, शेवभाजी केली होती. चेहऱ्यावरून कळत होतं, घरात आठ दिवस हाच विषय चाललाय. दादा खुर्चीत हात बांधून. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं, मोकळेपणा म्हणजे काय, डिस्ट्रो-डिस्ट्रोंतलं अंतर, सगळं. दादा म्हणाले, 'हे मी शिकवतो, पुनम. मला नको शिकवू.'

'मग शिकवता ते घरी का नाही?'

'कारण ही माझी आई आहे!'

मोहिनीताई पोळी हातात घेऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात अक्कांनी ताटाशेजारी वही ओढली आणि खरकट्या हाताकडे न बघता डाव्या हाताने लिहायला लागल्या. आम्ही तिघं त्या पेनाच्या टोकाकडे बघत होतो. दोन ओळी लिहायला किती वेळ लागावा! आणि वही फिरवून दादांपुढे सरकवली.

'रोट घरना शेतस. गाना बठ्ठासना शेतस.'

रोट घरचे असतात, गाणी सगळ्यांची असतात.

बाई गं! मी ताटावरून उठलेच. इतके दिवस मी आणि दादा एकाच गोष्टीवरून भांडत होतो आणि ती एक गोष्ट नव्हतीच, त्या दोन होत्या! अक्कांचा आवाज हा रोट. तो घरात, कुलपात, किल्ली दादांकडे. आणि तो आवाज वाजवणारा कोड, बटणं, चित्रं, ती झाली गाणी. ती गल्लीने म्हणायची, भुसावळने म्हणायची. रुपचंदनाना आपल्या घरचे रोट आपण भाजतील. अक्कांचा आवाज त्यांना कशाला लागतोय? त्यांना हवी चाल.

दादांनी वही जवळ ओढली. मग खालच्या आवाजात म्हणाले, 'वेगळं करता येईल. मी ते दोन्ही एकात शिवायलाच नको होतं.' आणि वही परत सरकवताना, 'कोड फार गचाळ आहे, पुनम. लोक बघतील.'

'माझ्या दुकानाचं टेबल बघितलंय का तुम्ही?' मी म्हटलं. तेव्हा कुठे हसले.

निघताना पेनड्राइव्ह हातात देऊन म्हणाले, 'त्यात मोजणीची एक फाईल आहे, कोणतं वाक्य किती वेळा वाजलं त्याची. तेवढी काढून टाक, बाहेर नको जायला.' काढते म्हटलं.

परतीच्या एसटीत अक्का खिडकीशी झोपल्या. मी पेनड्राइव्ह मंगळसूत्रासारखा मुठीत धरून बसले होते.

१५ जुलै, मंगळवार

गचाळ? हा शब्द कमी पडतो. दादांनी पानोपानी आपल्या फोनचा पत्ता ठोकून लिहिलाय. आवाज कुठून बाहेर काढायचा, चित्रं कुठे ठेवलीत, सगळं त्या एकाच मॉडेलवर बेतलेलं. बांधायला घेतलं की दीडशे चुका. दीडशे सोडवल्या की नवीन साठ.

ती मोजणीची फाईल काढण्याआधी सहज उघडली. दादांच्या स्वतःच्या फोनवरची मोजणी आहे. बाकी वाक्यं दोनदा-तीनदा वाजलेली, आणि तीनशे अठ्ठ्याऐंशी नंबरचं एकच वाक्य दोन हजार एकशे चाळीस वेळा. 'योगराज, बस कर आते. तू बी थकी गया व्हशी.' आता पुरे, तूही थकला असशील, असं. बहुतेक टेस्टिंगला तेच वापरत असतील. सांगितल्याप्रमाणे फाईल काढून टाकली.

१८ जुलै, शुक्रवार

भुसावळला जाऊन नानांचा आवाज भरला. ऑपरेशनला तीन दिवस उरलेत, प्रोग्राम होवो न होवो, आवाज आधी भरून ठेवायलाच हवा. नाना मजेशीर माणूस. घसा बसलेला, तरी चारशे वाक्यं बोलले. त्यातली निम्मी सुनंदाबाईंना चिडवायची, आणि प्रत्येक वेळी बाई दाराआडून 'हे नका घेऊ हो!' म्हणून ओरडायच्या. तेही रेकॉर्ड झालंय, मी पुसलं नाही. शेवटी म्हणाले, 'आता सायरन घे,' आणि तोंडाने इंजिनाचा भोंगा काढला, असा की शेजारचा माणूस बघायला आला.

येताना गाडीत मात्र विचार सुरू झाले. समजा मला नाही जमलं? हा माणूस एवढ्या विश्वासाने माझ्याजवळ आवाज ठेवून ऑपरेशनला चाललाय. मी कोण? बारावी, आयटीआय, पंधरा वर्षं तुटलेल्या काचा बदलणारी. ललितला सांगितलं तर म्हणाला, 'तू विहिरीतला फोन काढला होतास ना?' हे काय उत्तर झालं? पण झोप लागली.

२३ जुलै, बुधवार

झालं! झालं! झालं!

दादांचे ठोकलेले पत्ते सगळे उपटले. आता प्रोग्राम कुठल्याही घरात गेला की आधी विचारतो, बाबा, इथे आवाजाचं दार कुठे आहे? मिठाचा डबा तर तो सोबतच घेऊन फिरतो. लागणाऱ्या लायब्ऱ्या एकाच गाठोड्यात बांधल्या. अख्खं घर पोटात नाही, नुसता शिदोरीचा डबा, म्हणून फोन तापत नाही आणि आवाज येतो बटणाला बोट लागताच. एकच गाठोडं माझ्या फोनवर चाललं. नानांचा फोन भुसावळहून येताना घेऊन आले होते, त्यावर चाललं, उद्या तो ललितबरोबर परत पाठवते. दुपारी दादांना पाठवलं, त्यांच्या फोनवरही चाललं. तीन घरं, एक गाठोडं, आणि प्रत्येक घरचा आवाज ज्याच्या त्याच्या कुलपात.

दादांनी तासाभरात माझ्या कोडमधल्या चौदा चुका काढून पाठवल्या. चौदा! वर लिहिलं, 'बाकी उत्तम.' पॉलिटेक्निकची पोरं कशी जगतात या माणसापुढे? चौदाही दुरुस्त केल्या, त्यातल्या दोन चुका नव्हत्याच, तसं कळवलं. 'मान्य,' म्हणाले. दादांनी 'मान्य' म्हटलं, तारीख लिहून ठेवते.

संध्याकाळी दोघांच्या नावाने कोड सगळ्यांसाठी नेटवर ठेवला. 'कुणीही घ्या, बदला, वाटा.' एकदा पुन्हा वाचलं आणि बटण दाबलं.

घरी येऊन अक्कांच्या हातात फोन दिला. त्यांनी पदराने काच पुसली, जी मी आधीच पुसली होती. मला वाटलं देवाचं काही लावतील. कितीतरी वेळ बोट फिरवत होत्या. मग दाबलं.

'पुनम, जेवी ले, कितला टाईम व्हई गया.'

घड्याळात सव्वासात वाजले होते! मी म्हटलं, 'अक्का, एवढ्यात?' तर पुन्हा तेच दाबलं. आणि पुन्हा. एकेचाळीस दिवस बाईच्या पोटात तेवढंच साठलं होतं की काय, कोण जाणे. मी जेवायला बसले. डोळ्यांतून पाणी, तोंडात घास, अक्का समोर बसून बटण दाबतायत. ललित आला, दारातच उभा राहिला आणि चप्पल घालूनच आत शिरला.

२८ जुलै, सोमवार

सुनंदाबाईंचा फोन. नाना शुद्धीवर आले, आठवडाभर नुसते खुणा करत होते. आज डॉक्टर राउंडला आले, 'कसं वाटतंय?' विचारलं, नानांनी उशाखालून फोन काढला आणि दाबलं, 'लाईन क्लिअर!' मागोमाग भोंगा. अख्खा वॉर्ड हसला म्हणे. सुनंदाबाई सांगता सांगता मध्येच ओरडल्या, 'अहो बास करा ना!' मागून नानांचा आवाज ऐकू येत होता, बाईंना चिडवत.

कोडवर कुठल्यातरी अनोळखी माणसाची दुरुस्ती आली आहे, चौथ्या डिस्ट्रोसाठी. 'माझ्या बहिणीसाठी हवं होतं,' एवढंच लिहिलंय. ती पण घेतली आत. दादांनी त्यातही दोन चुका काढल्या.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. सकाळपासून चणाडाळ, गंगाफळाची भाजी, खीर. सव्वा सव्वा मूठ गहू मोजायला दादा आले होते, मोहिनीताईंबरोबर. रोट भाजले, घरातच खाल्ले. नंतर दार सताड उघडलं आणि गल्ली आत आली, सुनंदाबाईसुद्धा भुसावळहून आल्या.

फोन मोठ्या स्पीकरला वायरीने जोडला. लिनक्सच्या ब्लूटूथवर माझा अजून भरवसा नाही. अक्कांनी बटण दाबलं आणि पहिली ओळ निघाली, दोन वर्षांपूर्वीची, करकरीत. मग साठ-सत्तर बायकांनी ती ओळ अशी उचलली की पत्रे वाजले! अकराच्या अकरा गाणी. सुनंदाबाईंना शब्द येत नव्हते, त्या नुसत्या टाळ्या पिटत होत्या.

मध्ये चहाला थांबलो तेव्हा दादा अक्कांजवळ बसून वायर नीट गुंडाळत होते, जी गुंडाळलेलीच होती. अक्कांनी त्यांच्याकडे बघून एक बटण दाबलं. 'योगराज, बस कर आते. तू बी थकी गया व्हशी.' दादा उठून मोरीत तोंड धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मोहिनीताई टॉवेल घेऊन गेल्या. उकडत होतंच म्हणा.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी दारात ढोल. कानबाईला न्यायची वेळ झाली. अक्का नवं लुगडं नेसून कानबाईच्या पाटासमोर उभ्या राहिल्या, बायकांनी वाट केली. दरवर्षीसारखं त्या वाकल्या आणि कानबाईचा पाट दोन्ही हातांनी उचलला. मी मागे तांब्या घेऊन उभी, नेहमीप्रमाणे.

डोक्यावर घेतलाच नाही त्यांनी. वळल्या, पाट मोहिनीताईंच्या हातात आधाराला दिला आणि कमरेच्या पिशवीतून फोन काढला. स्पीकरची वायर शेजारीच लोंबत होती, ती लावली. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं:

'पुनम, आते तू ली ले. मना हात थकी गयात.'

मी वेड्यासारखं इकडेतिकडे बघितलं, कळशी कुठे आहे म्हणून. तर अक्का पाटाकडे बोट दाखवतायत. तीस वर्षांचा मान. मोहिनीताई थोरल्या सूनबाई, मान खरं तर त्यांचा, पण त्या हसत होत्या, त्यांना आधीच माहीत होतं. दादांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

मी कानबाई डोक्यावर घेतली आणि उंबरा ओलांडला. ढोल एकदम वाढला. नदीपर्यंत गेले, पाय जमिनीवर होते की नव्हते ठाऊक नाही. अक्का शेजारून चालत होत्या आणि दर दहा पावलांवर बटण दाबून मला रागवत होत्या, 'हळू चाल ना वं!'

आता घरी सगळे आडवे झालेत. मी यादी काढून बसले आहे. हे वाक्य भरलं तेव्हा अक्कांचे हात कुठे थकले होते? तेव्हा त्या गव्हाचं पोतं एकटीने ओढायच्या. आवाज जायला आठ दिवस उरले असताना, दार लावलेल्या खोलीत बसून त्यांनी हे माझ्यासाठी भरून ठेवलं होतं. मी त्याच्यासमोर रकान्यात 'काम' लिहिलं होतं.

ते खोडलं. मग बाकीची चाळीस वाक्यं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.